पितरांच्या दिवसांत नाच कसा?

प्रश्न : माझी लेक नोकरीनिमित्त ओसाकात असते. ऑगस्टमध्ये व्हिडिओ कॉलवर तिने शेजाऱ्यांबरोबरचा नाच दाखवला आणि म्हणाली, "आई, हे इथले पितरांचे दिवस." आपल्याकडे पितृपक्षात नवी साडीसुद्धा घेत नाहीत. तिने त्यात नाचावं का?
— एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, खुशाल नाचू द्या. मी नौपाड्यात जपानी शिकवते. वर्गात हा प्रश्न निघतोच.

हा 'बोन ओदोरी'. ओबोन या पितरांच्या सणात, बहुतेक ठिकाणी १३ ते १६ ऑगस्टला, पूर्वज घरी येतात अशी श्रद्धा आहे. त्यांना वाट दिसावी म्हणून दाराशी विस्तव पेटवतात. काही घरांत काकडीला नि वांग्याला काड्यांचे पाय लावतात. काकडीचा घोडा, पितर लवकर यावेत म्हणून. वांग्याची गाय, जाताना त्यांनी सावकाश जावं म्हणून. ही वांग्याची गाय मला फार आवडते.

कथेतली माणसं मात्र आपल्याकडची. बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान यांना मेलेली आई प्रेतलोकात उपाशी दिसली. घास तोंडाशी नेला की त्याचा निखारा होई. बुद्धांनी वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, पुरा केलेल्या भिक्खूंना दान द्यायला सांगितलं. आई सुटली आणि मोग्गल्लान आनंदाने नाचले, असं जपानी लोक सांगतात. म्हणजे हा नाच सुटकेचा आहे, त्यात पितरांचा अनादर कसला? शिवाय तेराव्या शतकात इप्पेन नावाचे भिक्खू अमिताभ बुद्धांचं नाव घेत, नाचत गावोगाव फिरले. वारीत पावली खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पुढे त्यात रोजचं जगणंही आलं. 'तांको बुशी' हे जपानच्या क्युशू बेटावरच्या कोळसा खाणीतलं गाणं मी विद्यार्थ्यांकडून गच्चीवर बसवून घेते : उजवीकडे दोनदा खणा, डावीकडे दोनदा, कोळसा खांद्यावरून मागे टाका, कपाळाशी हात नेत मागे सरका, मग गाडी ढकला. मधल्या मचाणावर ढोल, भोवती रिंगण. चुकलात तर पुढच्याचे हात बघायचे.

लेकीकडे ऑगस्टमध्ये जाणार असाल तर गिफू प्रांतातलं गुजो हाचिमान गाठा. १३ ते १६ ऑगस्टला तिथे रात्रभर नाचतात आणि परक्यालाही रिंगणात घेतात. तुम्हीही उतरा.