कोरोनाची लस आली, तरी प्रवास खुला व्हायला इतका वेळ का लागला?

लस आल्यावरही मुंबईची लोकल आणि विमानं महिनोन्‌महिने का अडवून ठेवली, ही सरकारची अतिसावधगिरी नव्हती का, असं तुम्ही विचारलंय. सावधगिरी होतीच. पण खरी गोची अशी की, ज्यांना प्रवासाची निकड सगळ्यात जास्त, त्यांचा लसीचा नंबर सगळ्यात शेवटी लागला.

२०२१च्या ऑगस्टमध्ये माझी ड्यूटी मुंबईजवळच्या एका स्टेशनबाहेर मदत कक्षात होती. १५ ऑगस्टपासून लोकल खुली होणार होती, पण दोन डोस झालेल्यांना, तेही दुसऱ्या डोसला १४ दिवस उलटल्यावर. लोक सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि आधार घेऊन यायचे, आम्ही तपासून शिक्का मारायचो, मग खिडकीवर मासिक पास.

आता हिशोब बघा. १८ ते ४४ वयाच्यांचं लसीकरण १ मेला सुरू झालं. कोविशिल्ड लसीच्या दोन डोसांत ८४ दिवस, त्यावर १४, म्हणजे ९८. अगदी पहिल्या दिवशी लस मिळालेला माणूससुद्धा ७ ऑगस्टला पात्र होणार. त्यात साठा नाही म्हणून महाराष्ट्राने मे महिन्यातच या गटाचं लसीकरण थांबवलं. २२ जूनला पहिला डोस मिळाला असेल, तर पात्रता थेट २८ सप्टेंबरला! त्यामुळे रांगेत काका-काकूच जास्त, आणि गोदामात, दुकानात, हॉटेलात कामाला जाणारी पोरं एकाच डोसाचा कागद दाखवून हुज्जत घालायची. ज्येष्ठांना आधी लस देणं बरोबरच होतं, जीव त्यांचे जास्त जात होते. पण मग पोटासाठी रोज बाहेर पडणाऱ्यांसाठी दुसरी वाट काढायला हवी होती. बसला तेव्हा डोसांची अट नव्हती, त्यामुळे हीच मंडळी दोन-दोन तास बसमध्ये एकमेकांना चिकटून जात. यात कोणती सुरक्षितता साधली, मला आजही कळलेलं नाही.

दुसरी भानगड मोबाईलची. लसीच्या नोंदणीच्या सरकारी कोविन पोर्टलवर तेव्हा एका नंबरावर चारच जणांची नोंदणी व्हायची. ज्याच्याकडे फोन नाही, त्याची नोंद मुकादमाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या नंबरावर. पहिला डोस एका नंबरावर, दुसरा दुसऱ्या, की सिस्टीमला ती दोन वेगळी माणसं वाटायची. हातात दोन सर्टिफिकेटं, दोन्हींवर ‘पहिला डोस’! दंडात दोन सुया टोचलेल्या, पण कागद मानायला तयार नाही. ओटीपी ज्याच्या फोनवर जायचा तो कामावर, फोन उचलत नाही, आणि मागे रांग खोळंबलेली.

परदेशाचं रामायण आणखी निराळं. शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना जूनमध्ये ८४ दिवसांऐवजी २८ दिवसांनी दुसरा डोस घ्यायची सवलत मिळाली, सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबरही चढला. तरी ब्रिटनने भारतातून गेलेल्यांना लस न घेतलेल्यांच्या रांगेत बसवलं. याच ब्रिटनने मार्चमध्ये पुण्याच्या सीरमकडून कोविशिल्डचे ५० लाख डोस नेले होते! सप्टेंबरात ओरड झाल्यावर त्यांनी लस मान्य केली, पण सर्टिफिकेट नाही. त्यावर पूर्ण जन्मतारीख नव्हती, हा एक आक्षेप. ती घालायची सोय कोविनवर झाली. ४ ऑक्टोबरपासून भारतानेही ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवस क्वारंटाईन लावलं आणि ११ तारखेपासून ब्रिटनची क्वारंटाईनची अट गेली. आठवड्याभरात विषाणू काही बदलला नव्हता. कोव्हॅक्सिन ही दुसरी लस घेतलेले मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मंजुरीसाठी ३ नोव्हेंबरपर्यंत ताटकळले.

तुमच्या अतिसावधगिरीच्या मुद्द्यात तथ्य नाही असं नाही, पण लस घेतलेल्यालाही संसर्ग होत होता, हे विसरू नका. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं १५ डिसेंबरला सुरू करायचं जाहीर झालं होतं. तेवढ्यात ओमायक्रॉन हा विषाणूचा नवा प्रकार आला, निर्णय फिरला आणि ती सुरू झाली २७ मार्च २०२२ला.