आजींची हाक

चिपळूणच्या भगिनीस, सप्रेम नमस्कार.

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठी नदीचे पाणी घरात शिरले, सासूबाईंना आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही माळ्यावर चढलात, शेजारच्या आजींची हाक बराच वेळ ऐकू येत होती आणि मग ती थांबली, असे तुम्ही लिहिले आहे. आता पावसाळा लागला की तुम्ही रात्री उठून पुन्हा पुन्हा दाराबाहेर बॅटरी मारून पाहता, आणि यजमान म्हणतात, "झाले गेले विसर, बाकीचे सावरलेच ना?"

बाकीचे दिसतात तितके सावरलेले नसतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडामातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे कितीतरी दिवस छताखाली झोपण्याचा धीर होत नव्हता. तुमच्या शरीराने तशीच पावसाच्या आवाजाची धास्ती घेतली आहे. त्याला भित्रेपणा म्हणू नये.

मात्र पत्र दोनदा वाचल्यावर वाटले, की पावसापेक्षा ती हाकच तुम्हाला अधिक पोखरते आहे. "मी गेले असते तर" हे तुम्ही आज कोरड्या जमिनीवर बसून, पुढे काय घडले हे ठाऊक असताना विचारता. त्या वेळी छातीभर पाणी होते, काळोख होता, कडेवर मूल होते आणि सासूबाईंचा हात सोडणे शक्य नव्हते. हळहळ राहील, ती राहू द्या, पण तिला गुन्हा ठरवू नका.

गाळाने भरलेली शिलाई मशीनची बॉबिन केस हेअरपिनने कोरून साफ केली आणि त्याच गणपतीत शेजारणींचे ब्लाउज शिवून दिले, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. सावरणे याहून वेगळे काही असते, असे मला वाटत नाही.

यंदा कागदपत्रे, औषधे आणि बॅटरी यांची पिशवी माळ्यावर तयार ठेवा, आणि रात्रीची राखण यजमानांशी वाटून घ्या, म्हणजे तुमची पाळी संपल्यावर निर्धास्त झोपता येईल. झोप इतकी वर्षे मोडते आहे, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आजींची लेक बाजारात दिसली की तुम्ही रस्ता बदलता. मन थोडे स्थिर झाल्यावर, पावसाळा सरल्यावर, तिच्याकडे जा. ती काय म्हणेल हे मी सांगू शकत नाही. पण तिला ऐकायचे असेल, तर त्या पहाटे तिच्या आईची हाक शेवटपर्यंत कोणीतरी ऐकत होते, हे सांगू शकणाऱ्या तुम्हीच आहात.

तुमची,
ताई