यादीत नसलेला दवाखाना

"मॅडम, दिवसाचं नियोजन चार दिवस जमतं, मग राहूनच जातं." विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त गृहस्थ, सगळ्यांकडून हे ऐकते. निदानही तेच करून आणतात: "मी आळशीच आहे." आळशी माणूस वेळ ठरवून, रिक्षा करून माझ्याकडे समुपदेशनाला कशाला येईल?

चिंचवडच्या एका कारखान्यात हिशेब सांभाळणाऱ्या बाई (तपशील बदलले आहेत) डायरी घेऊनच आल्या. जानेवारीची पहिली पानं सुवाच्य, वेळेचे रकाने आखलेले. पुढे सगळी कोरी.

"लिहिणं थांबलं, त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं?"

"सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. अकरा कामांतली तीनच झाली."

"म्हणजे चार."

"नाही हो, तीनच."

"आणि दवाखाना?"

"तो यादीत कुठे होता?"

बोलल्या आणि थबकल्या. मग हसायलाच लागल्या. "अख्खी दुपार गेली की माझी तिथे!"

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला आता बरं जमतं.

त्यांची डायरी म्हणजे रोजची परीक्षा झाली होती. ठरवलेलं सगळं व्हायलाच हवं, नाही झालं तर मी बेशिस्त. मग नापासाचा निकाल बघायला डायरी उघडणार कोण? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती नेमकं या अट्टहासावर बोट ठेवते. आपल्याकडे ती कि. मो. फडके यांनी रुजवली; माझी घडणही त्याच वळणाची.

पुढच्या भेटींत आम्ही यादी तीन कामांवर आणली. ती लिहायची वेळ ठरली रात्री ओटा पुसून झाल्यावरची, कारण ओटा त्या रोज पुसतातच. दिवसाचा एक तास मुद्दाम मोकळा. अचानक उपटलेलं काम निस्तरलं की तेही रात्री लिहायचं आणि त्यावर खूण करायची. हे त्यांना सगळ्यात आवडलं.

"आणि एखादा दिवस चुकला तर?"

फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा लंडनमधला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागलेले दिसले, माणसागणिक फरकही बराच. पण मधला एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून चुकलेलं पान भरून काढत बसू नका, त्याच रात्री उद्याचं लिहा. फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांनी घड्याळाची वेळ धरू नये. कामावरून आल्यावरचा चहा धरावा.