वाचकांचे प्रश्न : वर्ल्डकॉन चालवणारे स्वयंसेवक

प्रश्न : विज्ञानकथांचं वर्ल्डकॉन नेमकं कोण भरवतं? काम करणाऱ्यांना मानधन मिळतं का? (ठाणे)

उत्तर : वर्ल्डकॉन म्हणजे विज्ञानकथांच्या चाहत्यांचं जागतिक संमेलन, आणि ते स्वयंसेवकच भरवतात. मानधन कुणालाच नाही, अध्यक्षांनाही नाही. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन भरलं तेव्हा सुमारे दोनशे माणसं होती. आता काही हजार येतात, तरी कामाची रीत तीच आहे. इथे येणारे सभासद होऊन येतात आणि समितीतली माणसंही स्वतःच्या खिशातून वर्गणी भरतात. हिशेब पूर्ण झाल्यावर शिल्लक उरली तर त्यांची वर्गणी परत मिळते, नाही तर नाही. पुढचं वर्ल्डकॉन कुठे भरवायचं हे सभासद दोन वर्षं आधी मतदानाने ठरवतात. मतदान जिथे होतं तिथून ८०० किलोमीटरच्या आतलं गाव यजमानपद मागू शकत नाही, त्यामुळे ते एकाच भागात अडकून पडत नाही. ग्लासगोला ते १९९५, २००५ आणि २०२४ असं तीनदा भरलं.

प्रश्न : नोंदणीपाशी पहिल्या सकाळी मोठी रांग लागते. स्वयंसेवक वाढवले तरी ती हलत नाही. काय करावं? (पुणे)

उत्तर : आधी गणित मांडा. चार तासांत ३००० माणसं येणार आणि एकेकाला दोन मिनिटं लागणार असतील, तर ६००० मिनिटांचं काम २४० मिनिटांत उरकायचं आहे. त्याला २५ काउंटर लागतील. तेच काम माणशी ४५ सेकंदांवर आणलंत तर १० काउंटर पुरतात. म्हणून माणसं वाढवण्याआधी घड्याळ लावून बघा, वेळ जातो कुठे.

बहुतेक वेळा तो थोड्याच जणांपाशी जातो. कुणी भरलेली वर्गणी नोंदीत दिसत नाही, कुणाचं नाव चुकलेलं असतं, कुणाला मित्राचं सभासदत्व आपल्या नावावर करून हवं असतं. अशांना काउंटरवर थांबवून ठेवू नका. दहा पावलांवर वेगळं टेबल मांडा आणि तिथे नोंदी बदलण्याचा अधिकार असलेला जाणता माणूस बसवा. एवढ्या एका बदलाने रांग डोळ्यांदेखत सरकू लागते.

आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून वेगवेगळ्या रांगा लावू नका. एक रांग दाराबाहेर जाते आणि शेजारचा काउंटर रिकामा बसतो. सगळ्यांची एकच नागमोडी रांग ठेवा, जो काउंटर मोकळा होईल तिकडे पुढचा माणूस जाईल. रांग आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दारावरून मात्र जाता कामा नये.

बॅज जागेवर छापणार असाल तर एक जास्तीचा प्रिंटर जोडून, चालू करून ठेवा. खोक्यात बंद असलेला प्रिंटर ऐनवेळी कामाचा नाही. लेबलांची रिळं हिशेबाच्या दुप्पट आणा. हजारो फोन एकदम सभागृहाच्या वायफायवर चढतात आणि ते बसतं, तेव्हा नोंदणीची यंत्रं स्वतंत्र केबलवर चालवा. आदल्या रात्री पूर्ण यादी आडनावांच्या क्रमाने कागदावर छापून घ्या. आणि शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच नोंदणी सुरू करा. याहून स्वस्त उपाय नाही.

प्रश्न : परिसंवादाच्या खोलीत स्वयंसेवकाने काय काय बघायचं? (नाशिक)

उत्तर : खुर्च्या भरल्या की दार बंद. उभं राहून ऐकू देणं हा उदारपणा वाटतो, पण खोलीची क्षमता आगीचे नियम बघून ठरवलेली असते आणि ती ओलांडली तर जागेचे मालक कार्यक्रम थांबवू शकतात. डब्लिनला २०१९ साली वर्ल्डकॉन भरलं तेव्हा सभागृहांबाहेर मोठ्या रांगा लागल्या होत्या. अशा वेळी रांगेतली डोकी मोजा आणि जागा संपते तिथे उभं राहून मागच्यांना स्पष्ट सांगा, म्हणजे त्यांना दुसरा कार्यक्रम गाठता येतो.

चाकाच्या खुर्चीची जागा जमिनीवर रंगीत टेपने आखलेली असते. तिथे कुणी साधी खुर्ची सरकवली तर लगेच हलवा. टेप गालिच्यावर गोंद न सोडणारी घ्या, नाही तर साफसफाईचं बिल येतं.

माइकबाबत अजिबात सवलत देऊ नका. ‘माझा आवाज मोठा आहे’ म्हणत वक्ते तो बाजूला ठेवतात. पण श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी खोलीत वेगळी ध्वनियंत्रणा असेल तर तिला आवाज माइकमधूनच मिळतो. माइक नसेल तर पुढच्या रांगेत बसूनही त्यांच्या कानावर काही पडत नाही. प्रश्न विचारणाऱ्याकडेही माइक न्या, किंवा सूत्रसंचालकाला तो प्रश्न माइकवर पुन्हा सांगायला लावा.

वेळेसाठी १०, ५ आणि १ मिनिटाच्या पाट्या दाखवा. तासाच्या वेळापत्रकात कार्यक्रम ५० मिनिटांचाच धरायचा. उरलेल्या दहांत खोली रिकामी होते, नावांच्या पाट्या बदलतात, पाणी भरलं जातं.

प्रश्न : २०२७ च्या मॉन्ट्रियल वर्ल्डकॉनला जायचंय आणि मदतही करायचीय. अनुभव नाही, चालेल का? (टोरांटो)

उत्तर : नक्की चालेल. स्वयंसेवकांच्या टेबलावर जाऊन तुमच्या हातात किती तास आहेत ते सांगा, काम तेच देतील. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त घेऊ नका. आपल्या जागी येणाऱ्याला पंधरा मिनिटं आधी बोलवा आणि अर्धवट राहिलेली कामं कागदावर लिहून द्या, कारण तोंडी सांगितलेलं पुढच्या पाळीत हरवतं. रोज निदान पाच तास झोप, दोन जेवणं आणि एक अंघोळ हा या मंडळींचा जुना दंडक आहे, तो पाळा. पाच दिवसांच्या कार्यक्रमात चुका होतात त्या तिसऱ्या दिवशी, न झोपलेल्या माणसांकडून.

परतीचं विमान शक्यतो शेवटच्या दिवसानंतरचं काढा. सुरुवातीला मदतीला पुष्कळ हात असतात, पण आवराआवरीला माणसं सापडत नाहीत. चित्रप्रदर्शनाच्या जाळ्या उतरवणं, वॉकीटॉकी आणि त्यांचे चार्जर मोजून परत करणं, भाड्याचे प्रिंटर खोक्यांत भरणं, जमिनीवरची टेप सोलणं, हे सगळं जागेचा ताबा सोडायच्या आत व्हावं लागतं. त्या संध्याकाळचे तुमचे दोन तास समितीला फार मोलाचे वाटतील.