सगळ्या घराला एकच काढा नको – वाचकांचे प्रश्न

पाऊस सुरू झाला की निम्मे प्रश्न काढ्याचेच येतात, तर आधी तेच घेऊ.

मॅडम, आमच्या खानापूर भागात पाऊस थांबायचं नाव घेत नाही. मी घरात सगळ्यांना रोज सुंठ, मिरी, ज्येष्ठमध, गुळवेल घालून काढा देते. मिस्टरांना बीपीची गोळी चालू आहे, चालेल ना?

नाही चालणार ताई. ज्येष्ठमधानं घसा मोकळा होतो हे खरं, पण रोज पोटात गेलं की अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं, म्हणजे मिस्टर गोळी घेणार आणि तुम्ही काढ्यानं ती वाया घालवणार! ते आधी काढून टाका. गुळवेल पण रोज नको. कोरोनात लोकांनी ती महिनोन्महिने प्यायली, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला त्रास झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला, पण वाद चालू असलेली गोष्ट सगळ्या घराला रोज कशाला पाजायची? आणि ज्याला आधीच लिव्हरचा त्रास आहे त्यानं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

सर्दी झाली तर परसातल्या गवती चहाची दोन पाती, आल्याचा तुकडा, चार तुळशीची पानं उकळून दोन-तीन दिवस द्या, बरं वाटलं की बंद. खरं काम जेवणच करतं बघा. लसणाची फोडणी दिलेलं हुलग्याचं माडगं आणि गरम भात, बाजूला एखादी पालेभाजी, पावसाळ्यात ह्याहून भारी काय पाहिजे? हुलग्यात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, आपण मात्र ते गरिबाचं खाणं म्हणून सोडून दिलं आणि डबेवाली पावडर आणायला लागलो.

मी निपाणीचा, वय ५२, शुगर आहे. साखर बंद करून चहात गूळ घालतो, सकाळी गूळ घातलेली नाचणीची आंबील पितो. तरी शुगर खाली येईना.

कशी येणार दादा, गूळ म्हणजे पण साखरच की. थोडं लोह वगैरे असतं, पण चहातल्या खड्याएवढ्यात ते किती जाणार? नाचणी चांगलीच, शंभर ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, पण पीठ पातळ शिजवून गूळ घालून प्यायलं की ते पटकन पचतं आणि शुगर उडी मारते. त्यापेक्षा एक भाकरी खा, नाचणीची नाहीतर जोंधळ्याची, सोबत उसळ, काकडी-कांदा, वर कारळाची चटणी. आंबील प्यायचीच तर ताक-मीठ घालून, अर्धी वाटी. भिजवलेली मेथी घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, गोळीबरोबर शुगर जास्त खाली येऊ शकते.

वडगावहून लिहितेय. मुलगी १९ वर्षांची, हिमोग्लोबिन ९. रोज बीट देतेय, अजून काय देऊ?

ताई, ९ म्हणजे नुसत्या खाण्यानं भागायचं नाही, बाईला १२ तरी हवं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर तिनं त्या पूर्ण घ्यायच्या, आणि पाळीत जास्त जातं का, जंत आहेत का तेही बघून घ्यायचं. बीटाचा रंग बघून आपण फसतो, त्यात लोह फार नाही. अळीव, मटकी, राजगिऱ्याची भाजी ह्यांत जास्त आहे. जेवताना वर लिंबू पिळायचं, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं. आणि चहा! आपल्याकडे जेवण झालं की लगेच कप हातात, तो तासभर पुढे ढकला, नाहीतर खाल्लेल्यातलं बरंच लोह अंगी लागायचंच नाही. मटण-अंडी खात असाल तर आठवड्यात दोनदा द्या, कलेजी मिळाली तर उत्तमच.

आठ महिन्यांच्या बाळाला खोकला आहे, सासूबाई मध-आलं चाटवा म्हणतात.

वर्षाच्या आत मध अजिबात नाही, थेंबभर पण नाही. क्वचित त्यातून बोट्युलिझम नावाची जंतूंची विषबाधा होते आणि ती बाळाच्या जिवावर बेतते. आलंही नको. अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा, नाक चोंदलं असेल तर मेडिकलमधले सलाइनचे थेंब घाला. श्वास भराभर चालला, छाती आत ओढली जातेय किंवा दूध ओढेना, तर लगेच दवाखाना गाठा, रात्र असली तरी.