मुंबईत एसवायबीएस्सीला गणित घेतलेल्या विद्यार्थ्याला उन्हाळ्यात स्टायपेंड मिळणारा संशोधन प्रकल्प मिळतो का?

मिळतो. तुम्ही लिहिलं आहे की मे महिन्यात क्लासमध्ये शिकवून चार पैसे मिळतात आणि ते सोडणं घरी परवडणार नाही. म्हणून आधी पैशाचंच सांगते.

तीन विज्ञान अकादम्या (बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणजे इन्सा आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणजे नासी) मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात. दोन महिने देशातल्या एखाद्या संस्थेत मार्गदर्शकाकडे काम करायचं. स्टायपेंड मिळतं, रेल्वेचं भाडंही मिळतं. तुमच्यासाठी पहिला अर्ज हाच.

दुसरा अर्ज एमटीटीएसचा, म्हणजे ‘मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च’ या उन्हाळी गणित शिबिराचा. कुमरेसन सरांनी ते 1993 मध्ये सुरू केलं, तेव्हा ते आपल्या मुंबई विद्यापीठातच शिकवत होते. पैसा एनबीएचएमचा (उच्च गणिताचं राष्ट्रीय मंडळ), म्हणजे अणुऊर्जा विभागाचा. त्यातली लेव्हल ओ एसवायच्या मुलांसाठीच असते. राहण्या-जेवणाचा खर्च शिबिर करतं, पण हातात स्टायपेंड पडत नाही, आणि हा संशोधन प्रकल्पही नाही. चार आठवडे तुम्हाला फळ्याजवळ उभं करून विचारत राहतात. ‘सिक्वेन्स एलकडे जात नाही’ हे वाक्य ‘नाही’ हा शब्द न वापरता लिहून दाखवा, असं कोणी म्हटलं की कळतं, आपण व्याख्या नुसती पाठ केली होती. चार आठवड्यांपुरता क्लास सोडणं जमत असेल तर माझ्या मते याच्याइतकं चांगलं काही नाही.

अमेरिकेतल्या आरईयूंची, म्हणजे पदवीच्या मुलांसाठीच्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमांची, नावं नेटवर सारखी दिसतील. मिनेसोटातल्या डुलुथला असा कार्यक्रम 1977 पासून चालला आणि तिथल्या मुलांचे कितीतरी पेपर जर्नलमध्ये आले, बहुतेक कॉम्बिनेटोरिक्स (मोजणीचं आणि रचनांचं गणित) आणि नंबर थिअरीतले, कारण तिथे फार तयारीशिवाय प्रश्नाला हात घालता येतो. पण एनएसएफचा, म्हणजे तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेचा पैसा तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतो. त्यात वेळ घालवू नका. आणि फी घेऊन ‘रिसर्च इंटर्नशिप’चं सर्टिफिकेट देणाऱ्यांकडे तर अजिबात जाऊ नका. चांगल्या ठिकाणी पैसे तुम्हाला देतात, तुमच्याकडून घेत नाहीत.

आता ‘संशोधन’ या शब्दाबद्दल. मला फेलोशिप मिळाली तेव्हा वाटलं होतं, दोन महिन्यांत नवीन थिअरम सिद्ध करायचं आहे. पहिल्या दिवशी सरांनी कागदाचा त्रिकोण कापला, कोपऱ्यांवर 1, 2, 3 लिहिलं आणि म्हणाले, हा स्वतःवर बसेल असा जितक्या प्रकारे ठेवता येतो, त्या सहाही प्रकारांच्या मॅट्रिक्स लिहून आण. आणल्या. मग विचारलं, मध्यातून जाणारी अशी एखादी रेषा आहे का, जी सहाही मॅट्रिक्स जागच्या जागी ठेवतात? नाही, कारण 120 अंशांनी फिरवलं की एकही रेषा स्वतःवर पडत नाही. मी खूश. सर म्हणाले, मग आकडे कॉम्प्लेक्स घेतले तर? मी तीन दिवस अडकले. फिरवण्यापुरत्या दोन रेषा सापडतात, पण त्रिकोण उलटा केला की त्या एकमेकींची जागा घेतात! हे मी स्वतः शोधून काढलं. जगाला ते शंभर वर्षांपासून माहीत आहे, पण मी आज ग्रुप थिअरी शिकवते ती त्या तीन दिवसांमुळे. एसवायच्या मुलाला या दोन महिन्यांतून मिळतं ते हेच: कोणीतरी रोज तासभर बसून फक्त तुमचं गणित ऐकतं.

म्हणून अर्जात ‘मला गणिताची लहानपणापासून आवड आहे’ लिहू नका. ज्या एका प्रश्नावर खरोखर अडकला होतात तो लिहा, कुठे अडकलात आणि कसे सुटलात तेही लिहा.

शेवटचं, आणि हे स्वतःच्या नुकसानीतून सांगते. अकादम्यांची मुदत दिवाळीच्या आसपास येते आणि अर्जाला प्राध्यापकांचं पत्र लागतं. माझं पहिलं वर्ष असंच गेलं: कॉलेजला सुट्टी लागली आणि माझं पत्र सहीविना टेबलावर पडून राहिलं. तुम्ही पहिल्या सेमिस्टरची परीक्षा संपायच्या आत सरांना किंवा मॅडमना भेटा, तुमची वही दाखवा, आणि पत्र सुट्टीआधी हातात घ्या.