तळमजला सहा लाखांनी स्वस्त का मिळतोय?

प्रश्न: चिपळूणला बाजारपेठेजवळ तळमजल्यावरचा फ्लॅट 38 लाखांत मिळतोय. उंचावरच्या भागात तेवढाच, दुसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट असलेला 44 लाखांना आहे. भरायला 8 लाख आहेत, शिवाय 7 लाखांची एफडी. नोंदणीचा खर्च वेगळा काढून ठेवलाय. हातात पगार 72 हजार. सासूबाईंना जिना चढवत नाही, म्हणून तळमजला बरा वाटतो. बिल्डर म्हणतो, जागा निळ्या रेषेच्या बाहेर आहे. काय करावं?

उत्तर: ताई, टोकन दिलं नसेल तर अजून देऊ नका.

आधी त्या रेषेचं बघू. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. निळ्याच्या बाहेर पण लालच्या आत असाल, तर दरवर्षी पाणी शिरण्याची शक्यता 1 ते 4 टक्क्यांच्या मधे कुठेतरी. ऐकायला किरकोळ वाटते. पण कर्ज 20 वर्षांचं आहे. तेवढ्या काळात निदान एकदा घरात पाणी येण्याची शक्यता 18 ते 56 टक्के होते. आणि चिपळूणकरांनी जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 असे दोन मोठे पूर 16 वर्षांत पाहिलेत.

शिवाय रेषा नदीची असते. गावातून शीव नदी वाहते आणि वाशिष्ठी नदीला मिळते. वाशिष्ठी तुडुंब भरली की शीवचं पाणी पुढे सरकत नाही, उलटं गावात पसरतं. वर घाटमाथ्यावरचा पाऊस, कोळकेवाडी धरणामार्गे येणारं कोयनेच्या वीजघरांचं पाणी आणि खाली खाडीची भरती, हे एकत्र आलं की वाशिष्ठीला मोकळं व्हायला वाव उरत नाही. म्हणून नकाशा पाहाच, पण त्या इमारतीच्या जिन्यात 2021 च्या पाण्याची खूण कुठे आहे तेही बघा. रंग नवा असेल तर समोरच्या दुकानदाराला विचारा. तो हात वर करून दाखवेल.

आता पैसे. 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 30 लाखांचा हप्ता 26,035 रुपये. 44 लाखांच्या घराला 36 लाख कर्ज लागेल, पण 30 लाखांवरच्या कर्जात बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे 35 लाख 20 हजार. एफडीला हात लावावाच लागेल. मी म्हणेन, 3 लाख मोडा. 33 लाखांचा हप्ता 28,639. महिन्याला 2,604 जास्त, एकूण हप्ता पगाराच्या साधारण 40 टक्के. ओढाताण होईल, पण 4 लाख गाठीला राहतात.

प्रामाणिकपणे सांगते, नुसता हिशेब मांडला तर तळमजलाही जमेल असं दिसतं. एका पुरात वायरिंग, प्लायवूडची कपाटं, फ्रिज, गाद्या, महिनाभराचं भाडं धरून 4 लाख गेले, आणि असा पूर 20 वर्षांत सरासरी एकदाही येत नाही असं मानलं, तर 6 लाख वाचवलेलेच बरे. विमाही मिळतो. भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर धरलेला असतो, आणि घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत सामानही. पण सरासरी हप्ता भरत नाही. चिखल उपसायच्या महिन्यातही बँकेचा हप्ता 5 तारखेलाच जातो. आणि पुढे विकायला काढाल तेव्हा समोरचाही खूण बघेलच.

माझा निर्णय मात्र सासूबाईंवरून झालाय. जिना चढवत नाही म्हणून तुम्हाला तळमजला हवाय. 2021 ला पाणी पहाटे चढलं. अंधारात, वीज गेलेली असताना, गुडघाभर पाण्यातून त्यांना वर कोण नेणार? दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर त्या घरातच थांबतील, इतकंच.

44 लाखांचं घर घ्या. तेही जुलैतल्या एखाद्या मुसळधार पावसाच्या दिवशी, रस्त्यावर पाणी कुठून येतं ते पाहून. विमा तिथेही घ्या, आणि बँकेने दिलेल्या विम्यात तुमचं सामान धरलंय का ते कागदावर तपासा.